एसटीच्या काचेतलं भूत

पुण्याहून रात्रीच्या एसटीने कोल्हापूरला येताना कराड सुटलं की खिडकीत माझाच चेहरा दिसतो, उसाच्या फडांवरून पळणारा. आत उजेड, बाहेर काळोख, मध्ये काच. आतला दिवा गेला की चेहराही गायब. थीम पार्कच्या भूतबंगल्यातलं भूत याच जातीचं.

२४ डिसेंबर १८६२ ला लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ते रंगमंचावर आणलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनिअरची, पण नाव झालं पेपर यांचं. (आमच्या धंद्यातही असंच चालतं.) रंगमंचावर मोठी तिरकी काच, खाली खड्ड्यात लपलेला नट. त्याच्यावर झगझगीत उजेड पाडला की त्याचं प्रतिबिंब काचेमागच्या खऱ्या नटांमध्ये येऊन उभं राहतं. तो काचेपासून जितका अलीकडे, तितकंच भूत काचेच्या पलीकडे. १९६९ मध्ये डिस्नेलँडच्या भूतबंगल्यात हीच युक्ती वापरली. तिथे भुतांच्या जोडीनाचात बायका पुरुषांना नाचवतात, कारण प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं!

आपल्याकडे कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ दाखवली. रंगवलेल्या काचपट्ट्या, मागे दिवा, पुढे भिंग. पट्ट्या भराभर बदलल्या की पडद्यावरची चित्रं हलू लागत. नावातला शंबर म्हणजे पुराणातला मायावी असुर.

कोल्हापुरात काचेची जागा कापडाने घेतली. बाबूराव आणि आनंदराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. मागचे खांब लहान आणि फिकट काढले की सपाट कापडावर खोल महाल उभा राहतो. पुढे बाबूराव सिनेमात गेले. त्यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली.

ही माया बघायला कोल्हापूरकरांना शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर दिलं. तेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. मी एसटीत होतो. मित्राने व्हिडिओ पाठवला. मान वळवली तर मोबाइलमधल्या ज्वाळा खिडकीबाहेर, उसावर तरंगत होत्या.

मी मोबाइल बंद केला. काचेतली आग विझली.

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर गेलो. दर्शनी दगडी भिंत जागेवर होती. मागे रंगमंच नव्हता. बाबा बराच वेळ तिथेच बघत उभे राहिले.