नावेचे लेपण : नदीकाठच्या एका विद्येचा इतिहास

नदीकाठी वाढलेल्या समाजाचा इतिहास केवळ वंशावळी आणि सनदा यांतून लिहिता येत नाही. हाताला चिकटलेली राळ आणि नखांत बसलेले डांबर यांनाही त्या इतिहासात स्थान आहे. आपल्या कोळी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पैलतीरी नेले, याचा उल्लेख सभासंमेलनांतून अभिमानाने होतो. परंतु ती नाव पाण्यात टिकली कशी, याचा विचार क्वचितच होतो. तो येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती यांच्या संगमाने पंचगंगा होते. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीस कृष्णेला मिळेपर्यंत तिच्या दोन्ही तीरांवर गावे वसली आहेत. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात या गावांचा परस्परसंबंध नावाड्याच्या हाती असे. सांगलीस कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला, यावरून हा काळ किती अलीकडचा आहे हे ध्यानात येईल. देशावरील गावगाड्यात कोळ्याची गणना बलुतेदारांत होई. पाणी भरणे व नाव चालविणे या सेवेबद्दल त्यास सुगीत धान्य मिळे. सबब नाव सुस्थितीत राखणे हे त्याचे गावाशी असलेले कर्तव्य होते. फट राहिलेली नाव म्हणजे मोडलेले वचन.

कोल्हापूर हे देशावरचे संस्थान असले तरी समुद्राशी त्याचा संबंध निकटचा होता. मालवणचा सिंधुदुर्ग १८१२ साली इंग्रजांकडे जाईपर्यंत करवीर छत्रपतींचे आरमार कोकणात होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आंबा व फणस यांची लाकडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी ती झाडे रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेली असल्याने तोडू नयेत, असा त्यातील उपदेश प्रसिद्धच आहे. लाकूड इतके मोलाचे मानले, तेथे त्याचे रक्षण करणारे लेपही मोलाचेच ठरणार.

तथापि खाऱ्या पाण्यातील लेप आणि गोड्या पाण्यातील लेप यांत मोठा भेद आहे. समुद्रात लाकूड पोखरणारा जलकृमी असतो. त्याच्यापासून बचाव म्हणून पश्चिम किनाऱ्यावर चुना व तेल यांचा जाड लेप, उंडीचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल असे उपाय योजीत. इंग्रजी आरमाराने १७६१ पासून 'अलार्म' या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले, तेही मुख्यतः याच शत्रूसाठी. हा कृमी नदीच्या गोड्या पाण्यात जगत नाही. किंबहुना किडलेली जहाजे नदीच्या मुखात आणून ठेवण्याची चाल जगभर होती. म्हणून पंचगंगेच्या नावेस तांब्याची वा विषारी लेपाची गरजच नव्हती.

नदीच्या नावेचे शत्रू निराळे. पहिला शत्रू ऊन. चार महिने पाण्यात फुगलेली फळी उन्हाळ्यात घाटावर आकसते व सांधे उघडतात. दुसरा शत्रू कूज. तळाशी साचलेले पावसाचे पाणी आणि पाणरेषेवरील सततचा ओलावा लाकूड आतून मऊ करतात. तिसरा शत्रू गंज. खिळा गंजला की त्याभोवतीचे लाकूडही खचते.

यावरील उपचाराचा क्रम अनुभवाने ठरलेला असे. पाऊस सरल्यावर नाव काठावर ओढून पालथी घालावयाची, शेवाळ व सुटलेला जुना थर खरवडावयाचा आणि ती सावलीत वाळू द्यावयाची. येथेच खरी कसोटी असे. कारण ओल्या लाकडावर कढत डांबर लावले तर आतील ओल वाफ होऊन थरास फोड आणते. नंतर टोकदार खिळ्याने फळ्या टोचून मऊ जागा शोधावयाच्या. सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस वा काथ्या ठोकून बसवावयाचा आणि राळ तेलात कढवून वरून भरावयाची. या कामी जवसाचे तेल श्रेष्ठ, कारण ते हवेत सुकून घट्ट पापुद्रा बनते. खोबरेल तसे सुकत नाही. शेवटी डांबराचे हात द्यावयाचे. पहिला पातळ व गरम, म्हणजे तो लाकडात मुरतो, दुसरा जाड. फळीची कापलेली टोके पाणी सर्वाधिक पितात, म्हणून तेथे एक हात अधिक. आतल्या बाजूस मात्र तेलच, कारण दोन्ही अंगांनी डांबर फासले तर आत शिरलेली ओल बाहेर पडण्यास वाट राहत नाही.

पुढे लोखंडी पत्रा आला. गुळाची काहील तर कोल्हापुरी मुलखात पुराच्या वेळी नाव म्हणूनही कामास आली. परंतु ज्या भांड्यात पुन्हा रस आटवावयाचा त्यास आतून डांबर लावून कसे चालेल? तेथे घासून, पुसून तेलाचा हात देणे हाच मार्ग. नित्याच्या लोखंडी नावेस मात्र प्रथम गंजरोधक थर हवा. जगभरच्या जहाजांवर त्यासाठी जो शिशाचा तांबडा रंग वापरीत, तो म्हणजे आपला शेंदूरच, हे वाचकांस कौतुकाचे वाटेल. शिसे विषारी आहे व दगडी कोळशाचे डांबर कर्करोगास कारण होते, हे आज सिद्ध झाले असल्याने त्यांची जागा इतर लेपांनी घेतली आहे. समुद्री जहाजांच्या तळास लावावयाच्या कथिलयुक्त विषारी रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी अमलात आली. ज्या नदीचे पाणी गावे पितात, तीत असा रंग उतरविणे हा तर अधर्मच होय. फायबरच्या नावेसही विश्रांती नाही. तिचा वरचा थर चिरला की पाणी आत झिरपून फोड येतात.

ही विद्या आता कालबाह्य झाली, असे कोणी म्हणेल. परंतु २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी काय दाखविले? राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही पंचगंगेची धोकापातळी. ती ओलांडून पाणी कितीतरी वर गेले. पूल व रस्ते पाण्याखाली गेले आणि पुन्हा नावच आधार झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णाकाठी ब्रह्मनाळ येथे बचावाची नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. तेथे नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती, असे सांगितले जाते. त्या दुःखाचा दोष लेपावर टाकणे योग्य होणार नाही. परंतु नाव व तिची मर्यादा जाणणारा मनुष्य गावात असणे किती मोलाचे आहे, हे त्यातून कळते.

पूर्वी नाव रोज चाले, म्हणून तिचे दोष रोज दिसत. आजची नाव अकरा महिने छपराखाली पडून राहते आणि एका रात्री तिच्यावर संपूर्ण गावाचा भार येतो. म्हणूनच तिची तपासणी पूर्वीपेक्षा अधिक दक्षतेने झाली पाहिजे. आपल्या ज्ञातीतील वृद्धांस ठाऊक असलेले हे ज्ञान तरुणांनी लिहून घ्यावे, आणि प्रत्येक नदीकाठच्या गावी दिवाळीनंतर लेपण व वैशाखात तपासणी हा परिपाठ आपल्या बांधवांनी पुढाकार घेऊन सुरू करावा. बलुत्याची पद्धत गेली. तिच्यामागील जबाबदारी मात्र गेलेली नाही.