घरी बर्न केलेली हाय-डेफिनिशन डिस्क आणि प्लेअर : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील कौटुंबिक दृक्-नोंदींचा एक अभ्यास

प्रस्तावना

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही गावे कारखान्यांची गावे बनली. १९८२ मध्ये त्यांची महानगरपालिका झाली. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा चाकण येथील प्रकल्प सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, आणि हा पट्टा उत्तरेकडे विस्तारत गेला. या प्रदेशाचा इतिहास सामान्यतः कारखाने, कामगार चळवळ व नागरीकरण या अंगांनी लिहिला जातो. मात्र येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांनी लग्न, बारसे, वास्तुशांत, खंडेनवमीची यंत्रपूजा अशा प्रसंगांची जी चलच्चित्रे जपली, तीही इतिहासाची साधनेच होत. यांपैकी २००६ नंतरच्या काही वर्षांतील साधने विशेष संकटात आहेत. त्याचे कारण कॅमेऱ्यात नसून डिस्क व प्लेअर यांच्या न जुळण्यात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विषय विवेचन

व्हीएचएस कॅसेट गेली, व्हीसीडी आली, तिच्यामागून डीव्हीडी आली. प्रत्येक वेळी नवे यंत्र जुनी चकती वाचू शकेल अशी लोकांची अपेक्षा असे व ती बऱ्याच अंशी पुरी होई. अपवाद होता तो घरी बर्न केलेल्या चकतीचा. छापील सीडीत खळगे असतात, तर बर्न केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. हा थर ७८० नॅनोमीटरच्या लेसरसाठी बनविलेला असल्याने डीव्हीडीच्या ६५० नॅनोमीटरच्या लेसरला तो नीट परावर्तन देत नसे. त्यामुळे सुरुवातीचे काही डीव्हीडी प्लेअर छापील सीडी वाचत, पण घरची नाकारत. शिवाय बर्न केल्यावर डिस्क ‘फायनलाइज’ करण्यास विसरले, तर ती ज्या यंत्रावर बनली त्याखेरीज इतरत्र बहुधा चालत नसे. लग्नाची डिस्क गावी पोहोचल्यावर ‘नो डिस्क’ एवढीच अक्षरे दिसावीत, यामागे अनेकदा एवढेच साधे कारण असे.

हाय-डेफिनिशनने हा प्रश्न वेगळ्या पातळीवर नेला. २००३ मध्ये एचडीव्ही पद्धत जाहीर झाली. ती जुन्याच मिनी-डीव्ही कॅसेटवर चित्रण करी. २००६ मध्ये सोनी व पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी ही पद्धत पुढे आणली. चित्रणाची सोय अशा रीतीने सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागली. दाखविण्याची सोय मात्र मागे राहिली. ब्लू-रे व एचडी-डीव्हीडी यांच्यातील स्पर्धा फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतल्यावर संपली. तोवर कोणते यंत्र घ्यावे हेच अनिश्चित होते. २००७ मध्ये भारतात आलेले प्लेस्टेशन ३ हे खेळाचे यंत्र ब्लू-रे वाचत असे. पण त्याची किंमत सुमारे ४० हजार रुपये होती. कामगार कुटुंबाने ती लग्नाच्या डिस्कसाठी मोजावी, ही अपेक्षा व्यर्थच म्हणावी लागेल.

येथे एक मधला मार्ग निघाला. एव्हीसीएचडीचे चित्रण साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर बर्न करता येत असे. डिस्क स्वस्त, बर्नर घरचाच. परंतु या मार्गात फसगत होती. चकती डीव्हीडीची दिसे, तरी तिच्यावरील मांडणी व संकोचन ब्लू-रेच्या कुळातील असे. तिच्यावरील माहिती साध्या डीव्हीडी प्लेअरला उमगत नसे, आणि एव्हीसीएचडीला मान्यता नसलेले काही ब्लू-रे प्लेअरही ती नाकारत. पुन्हा सेकंदाला १८ मेगाबिट या कमाल वेगाने भरल्यास तीत जेमतेम ३५ मिनिटांचे चित्रण मावे. मराठी लग्नात तेवढ्यात सीमांतपूजनही आटोपत नाही.

या पट्ट्यातील वाचकाला हा प्रश्न सहज उमजेल. भोसरीत बनलेला भाग चाकणच्या जोडणी-रांगेवर बसलाच पाहिजे, यासाठी मापे, सहिष्णुता व गो-नो-गो गेज असतात; वाहनांच्या चाचणी व प्रमाणीकरणासाठी १९६६ पासून पुण्यात एआरएआय ही संस्था आहे. घरी बनलेल्या डिस्कसाठी असे कोणतेही गेज नव्हते. खोक्यावरील बोधचिन्ह हेच प्रमाणपत्र मानावे लागे, आणि ते चिन्ह यंत्राविषयी बोले, समोरच्या चकतीविषयी नव्हे.

परदेशी गेलेल्या मुलांपर्यंत डिस्क पाठविताना आणखी एक अडचण उद्भवे. आपले चित्रण सेकंदाला ५० क्षेत्रांचे, अमेरिकेतील यंत्रे ६० ची. तेथील अनेक प्लेअर आपल्याकडील डिस्क स्वीकारत नसत. याचे खापर ‘रीजन कोड’वर फोडले जाई. वस्तुतः घरी बर्न केलेल्या डिस्कवर रीजनचे बंधन सहसा नसतेच.

या साऱ्याचा परिणाम व्यवहारात असा झाला की, जी डिस्क सर्वांच्या घरी चालेल तीच देणे चित्रणकारास सोयीचे ठरले. हाय-डेफिनिशन चित्रण खाली उतरवून साधी डीव्हीडी दिली जाई. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चौकटीतून ७२० गुणिले ५७६ ची चौकट उरे, म्हणजे बरोबर एक पंचमांश. सुसंगती साधली, पण चार भाग गेले. तेही एकवेळ सोसण्यासारखे होते, कारण मूळ चित्रण शाबूत असते तर ते पुन्हा काढता आले असते. परंतु कॅसेट पुन्हा वापरता येई, मेमरी कार्ड तर पुढच्या मुहूर्तासाठी रिकामे करावेच लागे. कुटुंबाच्या हाती राहिली ती केवळ उतरविलेली प्रत, आणि तीही कालांतराने निकामी होणाऱ्या रंगद्रव्यावर. पत्र्याच्या शेडमधील पहिली यंत्रपूजा, दाराशी उभी नवी दुचाकी, आज हयात नसलेल्या आजीचा चेहरा, हे सारे त्या एक पंचमांशात आहे.

ज्या थोड्या घरांत मूळ मिनी-डीव्ही कॅसेट अथवा ब्लू-रेवर बर्न केलेली प्रत उरली असेल, तेथे काम तातडीचे आहे. कॅसेट वाचणारा चालू कॅमेरा व जुना फायरवायर जोड असलेला संगणक मिळविणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने रेकॉर्ड करण्याजोग्या ब्लू-रे डिस्क व मिनी-डीव्ही कॅसेट या दोहोंचे उत्पादन एकाच वेळी थांबविले.