अभंगातला ख्रिस्त

देव प्रत्येक माणसावर वैयक्तिक प्रेम करतो आणि ते प्रेम प्रार्थनेत, दुःखात, एकांतात अनुभवता येते, ही ख्रिस्ती श्रद्धेतील एक मूळ धारणा आहे. मराठी मुलखात या धारणेला स्वतःचा सूर सापडायला तीन शतके लागली, आणि तो सापडला ओवीत, कीर्तनात आणि अभंगात.

पहिला प्रयत्न गोव्यात झाला. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये तेथे आले आणि अखेरपर्यंत बहुतेक काळ साष्टीत राहिले. बाप्तिस्मा घेतलेल्यांची जुनी पुराणे बंद झाली होती, पण त्यांच्या जागी श्रवणासाठी काही नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी रचलेले क्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, आणि येशूची कथा श्रोत्यांना सवयीच्या पुराणाच्या चालीने पुढे सरकते. तरीही हे मुख्यतः आख्यान आहे. भक्ताने देवाशी स्वतःचे सुखदुःख बोलावे, असे त्याचे स्वरूप नाही. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले आणि या परंपरेची वाढ खुंटली.

दुसरी सुरुवात एकोणिसाव्या शतकात अहमदनगर परिसरात झाली. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये तेथे काम सुरू केले. मिशनरी हेन्री बॅलन्टाइन यांनी मराठीत अनेक गीते लिहिली, पण त्यांच्या काळातली उपासना बहुतांशी पाश्चात्त्य चालींवर बेतलेली होती. मराठी शब्दांची ऱ्हस्व-दीर्घता त्या चालींत मोडत असे. मनातली आर्तता अशा गाण्यात उतरणे अवघडच होते. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींत ख्रिस्ती पदे रचली आणि कीर्तनाचा उपयोग केला. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात बायबलमधले आख्यान, साथीला टाळ-मृदंग, असा हा घाट होता. गावकऱ्यांना तो नवा वाटला नाही, आणि प्रचारासाठी मिशनलाही तो सोयीचा होता.

खरा पालट घडवला नारायण वामन टिळकांनी. 1861 मध्ये कोकणातल्या करजगावात चित्तपावन ब्राह्मण घरात जन्मलेल्या या कवीने 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार वाचायला दिला होता, आणि डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले होते. आपण तुकारामाने बांधलेल्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या कवितेत हे स्पष्ट दिसते. विठ्ठलाला माउली म्हणणारी सलगी त्यांनी ख्रिस्ताकडे वळवली: ख्रिस्त कधी आई, कधी गुरू, कधी सखा होतो, भक्त हट्ट धरतो, रुसतो, शरण जातो. प्रॉटेस्टंट मिशनच्या मांडणीत पापक्षमा आणि तारण यांवर भर होता. टिळकांनी तो नाकारला नाही, पण सहवासाच्या सुखाला त्यांनी त्याच्या बरोबरीने जागा दिली. त्यांची अभंगरचना ‘अभंगांजली’ या नावाने प्रसिद्ध आहे.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट मात्र वेगळी होती. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, सोवळेओवळे सोडायला तयार नव्हत्या, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात या बदलाचे जे वर्णन येते, त्यात तत्त्वचर्चा फारशी नाही. जातिभेद माणसानेच केला, देवाने नव्हे, हे त्यांना घरगुती प्रसंगांतून उमगत गेले. देवप्रेमाच्या मराठी साक्षींमध्ये ही साक्ष टिळकांच्या अभंगांइतकीच मोलाची आहे. सांगण्यातल्या विनोदामुळे ती अधिक विश्वासार्ह वाटते, हेही खरे.

अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करणाऱ्या टिळकांना पुढे त्याची चौकट अपुरी वाटू लागली. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. मंडळीचे सभासदत्व आणि ख्रिस्ताशी असलेले वैयक्तिक नाते यांत त्यांनी दुसऱ्याला अग्रक्रम दिला, म्हणून चर्चमधल्या अनेकांना हा प्रयोग खटकला. 1919 मध्ये त्यांचा मुंबईत मृत्यू झाला आणि दरबार फार काळ टिकला नाही.

येशूचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य टिळकांच्या हातून पहिल्या दहा-अकरा अध्यायांपलीकडे गेले नाही. जेमतेम लिहायला-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहून ते पुढे नेले. 1936 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मुलगा देवदत्त यांनी अखेरचा भाग पूर्ण केला आणि 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. टिळकांची पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या रविवारच्या उपासनेत रुजली.