बाविशीतले लिखाण आणि वार्धक्यातील स्मृती

वार्धक्यात स्मृतिभ्रंश कोणाला होईल, हे तरुणपणीच ओळखता येईल काय? या प्रश्नाच्या इतिहासात धर्मभगिनींचा वाटा मोठा आहे, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते.

डॉ. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली अमेरिकेत 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या संघातील भगिनींचा अभ्यास आरंभिला. पुढे पंचाहत्तरी गाठलेल्या ६७८ भगिनी त्यात सहभागी झाल्या. स्मरणशक्तीच्या नियमित चाचण्यांना आणि मरणोत्तर मेंदूदानाला त्यांनी संमती दिली.

मठांच्या दप्तरात संशोधकांना एक ठेवा गवसला. व्रतग्रहणाच्या सुमारास, सरासरी बाविसाव्या वर्षी, भगिनींनी स्वहस्ते लिहिलेली ती आत्मवृत्ते होती. त्यांपैकी ९३ जणींच्या लिखाणाचा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी कमी, त्यांची बुद्धी सुमारे ५८ वर्षांनंतर क्षीण झाल्याचे अधिक आढळले.

मग आपले भवितव्य बाविशीतच ठरते काय? तसे नव्हे. याच अभ्यासातील एक भगिनी १०१ वर्षे जगली. अखेरपर्यंत तिने चाचण्यांत उत्तम गुण मिळविले. परंतु तिच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा विपुल सापडल्या. समूहाविषयी शक्यता वर्तविता येते. एका व्यक्तीविषयी निकाल देता येत नाही. घरातील वृद्धांकडे पाहताना आपण हे ध्यानी ठेवावे.

शिक्षणकार्यास वाहिलेल्या त्या भगिनींनी मृत्यूनंतरही शिकविणे थांबविले नाही.