पान, फुलोरा आणि कायदा

पणजीत गार्सिया द ऑर्ताच्या नावाची बाग आहे. ह्या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि त्यातला एक संवाद चक्क भांगेवर आहे. भांग कुटलेल्या पानांची करतात, कधी त्यात बियाही घालतात, असे तो सांगतो. त्याचे नोकर त्याच्या नकळत ती घेत. मग त्यांना कामाचा शीण वाटत नसे, मन खूश राही आणि भूक लागे, हेही त्याने नोंदवले आहे.

भांग पानांची, गांजा फुलोऱ्याचा आणि चरस राळेचा, हा भेद आपल्याकडे जुनाच. आज महाजालावर विकल्या जाणाऱ्या सीबीडी तेलाचा कायदेशीरपणा ह्याच भेदावर टांगलेला आहे.

१८९३ मध्ये ह्या पदार्थांच्या दुष्परिणामांचा प्रश्न ब्रिटिश संसदेत निघाला आणि इंग्रजी मुलखात सात जणांचा आयोग बसला. त्याने १,१९३ साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या आणि १८९४ मध्ये सांगितले, की बेताच्या सेवनाने म्हणण्यासारखी हानी होत नाही. सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण पुरे.

पुढे १९६१ च्या मार्चमध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया 'कॅनाबिस'च्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही गांजाची व्याख्या तशीच आहे. म्हणून भांग त्या कायद्याबाहेर राहिली आणि राज्यांच्या अखत्यारीत गेली. पत्रादेवीचा नाका ओलांडला, की महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो, आणि त्यात भांगही येते.

आता सीबीडीचे पाहा. हे द्रव्य १९४० मध्ये वेगळे काढले गेले, पण १९८५ च्या कायद्यात त्याचे नाव नाही. फुलोऱ्यापासून काढले, तर गांजाचा प्रश्न येतो. पानांपासून काढले, तर विक्रेता म्हणतो, आम्ही कायद्याबाहेर. 'विजया' ह्या नावाने, आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर ते विकले जाते. पण चरसाच्या व्याख्येत झाडापासून वेगळी केलेली राळ येते, कच्ची असो वा शुद्ध. मग पानांचा अर्क हे पान म्हणायचे की राळ? बियांचे तसे नाही. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांचे तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केले, मर्यादाही घालून दिली.

मंडळी, हा शब्दच्छल नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकेत सीबीडीच्या एका औषधाला लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारासाठी मान्यता मिळाली. तशा मुलाच्या आईने इथे बाटली मागवली, तर तिने औषध घेतले की गुन्हा केला, हे तिला आधी कळायला हवे. कारकुनीत एवढे शिकलो आहे: व्याख्या सैल असली, की निर्णय फाईल ज्याच्या टेबलावर येईल त्याच्या मर्जीवर जातो. कोणते द्रव्य, किती प्रमाणात चालेल, एवढे दोन ओळींत लिहिले, तरी पुरे.