सौर पंपाने वीजबिलाचा प्रश्न मिटला, पण विहिरीचं काय?

रात्री एक वाजता लाईट येते. शेतकरी बॅटरी घेऊन दारं धरायला रानात जातो. कडाक्याची थंडी, पायाखाली साप-विंचू, आणि हल्ली बऱ्याच जिल्ह्यांत बिबट्याही. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची 'आम्हाला दिवसा वीज द्या' ही मागणी म्हणूनच इतकी जुनी आहे. सौर पंप ही मागणी पूर्ण करतो. ऊन पडलं की मोटर सुरू, मावळलं की बंद. बिल नाही, डिझेल नाही, डीपी जळाली म्हणून आठवडाभर वाट बघणं नाही.

त्यामुळे सौर पंप चांगला की वाईट, हा वाद इथे घालायचा नाही. प्रश्न वेगळा आहे. पाणी उपसायचा खर्च शून्यावर आला, तर जमिनीखालच्या पाण्याचं काय होतं?

हा प्रश्न भारतात जास्त टोकाचा आहे. जगात सर्वात जास्त भूजल आपण उपसतो. वर्षाला सुमारे २४५ अब्ज घनमीटर, आणि त्यातलं जवळपास ८७ टक्के शेतीला जातं.

एक पंप किती पाणी काढतो?

एक ढोबळ हिशोब करून बघू. हजार लिटर पाणी एक मीटर वर उचलायला साधारण पावणेतीन वॅट-तास ऊर्जा लागते. पाणी ३० मीटर खोल असेल आणि मोटर-पाइपमध्ये निम्मी ऊर्जा वाया जाते असं धरलं, तर एका युनिटमध्ये सुमारे सहा हजार लिटर पाणी वर येतं. ५ एचपी पंपाचे पॅनल चांगल्या उन्हाच्या दिवशी २० ते २२ युनिट देतात. म्हणजे दिवसाला अंदाजे सव्वा लाख लिटर.

वर्षातले २५० दिवस पंप असा चालला तर तीन कोटी लिटर होतात. चार एकरांवर हे पाणी पसरलं तर जवळपास दोन मीटर उंचीचा थर होईल. उसाला वर्षभरात, पाऊस धरून, साधारण एवढंच पाणी लागतं. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच ते पाच एकरवाल्याला ५ एचपीचाच पंप मिळतो. थोडक्यात, विहिरीत पाणी असेल तर हा पंप त्याचं अख्खं रान उसाखाली ठेवू शकतो. सगळं गणित त्या 'असेल तर'वर अडकलंय.

आधी उपसा कोण थांबवत होतं?

डिझेल इंजिन असेल तर खिसा थांबवत होता. प्रत्येक तासाला पैसे जळताना दिसतात, त्यामुळे माणूस मोजून पाणी देतो.

विजेच्या मोटरीचं तसं नाही. महाराष्ट्रात कृषिपंपांना बराच काळ मीटरऐवजी एचपीवर ठरलेला आकार होता, आणि एप्रिल २०२४ पासून 'बळीराजा मोफत वीज योजने'त साडेसात एचपीपर्यंतचं बिल सरकार भरतं. म्हणजे पाण्याचा खर्च इथेही शून्यच आहे. अडवतात ते वीजपुरवठ्याचे तास. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, तेही मध्ये लाईट गेली नाही तर. लोडशेडिंगला आपण शिव्या घालतो, पण भूजलाच्या बाजूने बघितलं तर राज्यातलं सर्वात परिणामकारक पाणीनियंत्रण नकळत त्यानेच केलंय. अर्थात त्यालाही पळवाट आहेच. मोटरीला ऑटो लावायचा आणि झोपायचं. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, आणि सकाळपर्यंत पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात.

म्हणून 'सौर पंपामुळे उपसा वाढतो का?' याचं एकच उत्तर नाही. डिझेल काढून सौर बसवला तर उपसा वाढण्याची शक्यता जास्त. रात्रीच्या फुकट विजेवर ऑटो लावलेली मोटर काढून बसवला तर कदाचित उलट, कारण दिवसा शेतकरी स्वतः हजर असतो आणि सूर्य रात्री सुट्टी घेतो. आणि जिथे आधी पंपच नव्हता तिथे बसवला, तर तो उपसा सगळाच नवा.

एक गोष्ट मात्र सौरच्या विरोधात जाते. सूर्य सर्वात जास्त तळपतो एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हाच विहीर सर्वात खाली गेलेली असते.

येमेन आणि हेलमंड

कोणतंच नियंत्रण नसेल तर काय होतं, हे दोन युद्धग्रस्त देशांत दिसलं. येमेनमध्ये २०१५ नंतर युद्धामुळे डिझेल मिळेना, तेव्हा शेतकऱ्यांनी सौर पॅनल घेतले. तिथलं मुख्य नगदी पीक म्हणजे कात, नशेसाठी चघळायची पानं. गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या 'ग्रेस' उपग्रहांच्या नोंदी तपासल्यावर संशोधकांना २०२१ मध्ये दिसलं, की पश्चिम येमेनचं भूजल २००२ पासूनच्या नीचांकावर गेलंय आणि २०१८ नंतरच्या घसरणीमागे सौर पंपांचा हात असण्याची शक्यता मोठी आहे.

अफगाणिस्तानच्या हेलमंड प्रांतात हीच गोष्ट अफूच्या शेतीत घडली. तिथे २०१३ च्या सुमारास पहिले सौर पंप दिसले आणि २०१९ पर्यंत उपग्रह छायाचित्रांत सुमारे ६७,००० सौर संच मोजले गेले. सरकारी अनुदानाशिवाय. वाळवंटात नवी गावं उभी राहिली आणि पाणी काही ठिकाणी वर्षाला तीन मीटरपर्यंत खाली जात असल्याचे अंदाज आले.

पण ही उदाहरणं दाखवून सौर पंपाला सरसकट झोडपणंही चुकीचं आहे. बिहारमध्ये पाणी वर आहे, भरपूर आहे आणि दरवर्षी भरणाऱ्या भूजलातलं निम्म्याहून कमी वापरलं जातं. तिथला अल्पभूधारक महागडं डिझेल जाळून किंवा शेजाऱ्याकडून पाणी विकत घेऊन शेती करतो. त्याने जास्त उपसलं तर ते हवंच आहे. राजस्थान किंवा पंजाबमध्ये, जिथे पुनर्भरणाच्या जवळपास दीडपट उपसा होतो, तिथे तोच पंप वेगळी गोष्ट ठरतो.

महाराष्ट्र कुठे बसतो?

सरासरी बघितली तर आपण सुरक्षित वाटतो, उपसा पुनर्भरणाच्या साधारण ५४ टक्के. पण सरासरीत वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा आणि रावेर-यावलचा केळीपट्टा लपून जातो. तिथे पाण्याची पातळी कित्येक वर्षं चिंतेचा विषय आहे.

शिवाय आपला खडक वेगळा. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर आहे. त्यात पाणी वरच्या भेगाळ थरात साठतं. साधी विहीर इथे स्वतःच ब्रेक लावते: दोन-तीन तासांत तळ दिसला की मोटर बंद करावी लागते, मग रात्रभर झऱ्यांनी ती भरते. अशा विहिरीवर सौर पंप बसवला तरी तो झऱ्यापेक्षा जास्त पाणी आणू शकत नाही. खरी काळजी बोअरची. वरचं संपलं की माणूस खाली जातो. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी-बोअरना मनाई केलीये. गावात बोअरच्या गाड्या किती फुटांपर्यंत जातात, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

मोटर बंद ठेवायचे पैसे

यावर सर्वात गाजलेला प्रयोग गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात झाला. आधी डिझेलवर पाणी काढणाऱ्या सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्था काढली आणि २०१६ मध्ये पंप ग्रिडला जोडले. मागे होती आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्था आणि तुषार शहा यांची कल्पना: ऊन हेच एक पीक समजा. उरलेली वीज मध्य गुजरात वीज कंपनी ४ रुपये ६३ पैसे युनिटने २५ वर्षं विकत घेणार. बदल्यात शेतकऱ्यांनी तेवढी वर्षं सवलतीच्या वीजजोडणीवरचा हक्क सोडला. संस्थेने सुरुवातीला वर बोनसही दिला.

इथे पाण्याला पहिल्यांदा किंमत येते. जो युनिट विकता आला असता तो पाण्यावर घालवला, तर तेवढं उत्पन्न बुडालं.

पण आपला वरचा हिशोब इथे लावा. पाणी ३० मीटरवर असेल तर एका युनिटमध्ये सहा हजार लिटर येतं, म्हणजे हजार लिटरची 'किंमत' जेमतेम ७७ पैसे. एवढ्यासाठी डाळिंब किंवा द्राक्षवाला मोटर बंद करेल? मला नाही वाटत. पाणी १५० मीटर खोल गेलं तर तीच किंमत पावणेचार रुपयांच्या घरात जाते, आणि तेव्हा हलकं पीक घेणारा विचार करू लागतो. म्हणजे हा उपाय जिथे पाणी आधीच खोल गेलंय तिथे जास्त चालेल.

महाराष्ट्रात अडचण अशी, की 'मागेल त्याला' योजनेतला पंप ग्रिडला जोडलेलाच नाही. शेतकऱ्याने १० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के) भरले की संच त्याचा. पण उरलेली वीज विकता येत नाही. पाणी काढा, नाहीतर ऊन वाया. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेत अशा संचावर कडबाकुट्टी, गिरणी चालवता येईल असा कंट्रोलर बसवायची सोय आहे. तेवढा तरी वापर वाढायला हवा.

मग नियम काय म्हणतात?

पीएम-कुसुमच्या नियमांनुसार अतिउपशाच्या भागात नवा सौर पंप मिळत नाही. आधीचं डिझेल इंजिन बदलता येतं, तेही ठिबक-तुषार वापरणार असाल तरच. नियम बरा आहे, पण ठिबकने वाचलेलं पाणी बरेचदा जमिनीत राहत नाही. पुढच्या एकरावर जातं.

दुसरा रस्ता 'सौर कृषी वाहिनी'चा. यात शेतावर पॅनल बसत नाहीत. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो, जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं आणि त्या फीडरवरच्या सगळ्या मोटरींना दिवसा वीज मिळते. पाण्याच्या दृष्टीने याचा एक फायदा फारसा बोलला जात नाही: किती तास वीज सोडायची हे महावितरणच्या हातात राहतं. शेतावर स्वतंत्र पॅनल बसले की ते कुणाच्याच हातात राहत नाही.

किंवा गावाच्या हातात राहतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला आणि ऊस-केळीसारखी पिकं घ्यायला बंदी केली आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस कमी पडला तर त्या वर्षीची पिकं ग्रामसभेत बसून ठरतात.