तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लाचा क्षार यांची अभिक्रिया

तीव्र आम्लाचे पाण्यात जवळजवळ पूर्ण विचरण होते, सौम्य आम्लाचे अगदी थोडे. त्यामुळे सौम्य आम्लाच्या क्षारावर तीव्र आम्ल पडले की क्षारातला ऋण आयन हायड्रोजन आयन उचलतो, सौम्य आम्ल मोकळे होते आणि तीव्र आम्लाचा क्षार मागे राहतो. ॲसिटेटातून ॲसेटिक आम्ल आणि साबणातून मेदाम्ल असेच सुटते. कार्बोनेटाच्या बाबतीत सुटलेले कार्बोनिक आम्ल टिकत नाही; त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात, वायू उडून जातो आणि अभिक्रियेला परतीची वाट उरत नाही. ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी 1923 मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार इथे कार्बोनेट आयन आम्लारीचेच काम करतो.

कार्बोनेट असलेल्या खडकावर आम्ल पडले की हाच वायू फेस होऊन दिसतो. मराठवाड्यातल्या माहूरचा डोंगर मात्र बेसाल्टचा. या काळ्या दगडावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर फेस येत नाही. भेगांत कॅल्साइट साचले असेल तेवढ्याच जागी तो फसफसतो. पैनगंगेच्या प्रवाहाबरोबर खाली वणीकडे गेले की चुनखडक लागतो, आणि त्या प्राचीन खडकसमूहाला भूवैज्ञानिकांनी पैनगंगेचेच नाव दिले आहे. माहूरला रेणुकामातेचा प्रसाद असलेल्या तांबुलाच्या विड्यालाही चुना लागतो. मात्र विड्याला लागणारा ओला चुना हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आम्लारी. आम्लाने तो तापतो, फसफसत नाही. डबी उघडी राहून वाळला, की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचे कार्बोनेट होते आणि मग त्यालाही फेस येतो.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची या अभिक्रियेशी खरी गाठ पडते ती मातीत. काळ्या जमिनीत मुक्त चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असते, कुठे पांढऱ्या खड्यांच्या रूपात, कुठे डोळ्यांना न दिसणारे. माती परीक्षणात 5 ग्रॅम मातीवर 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल 100 मिलिलिटर घालतात, फेस थांबेपर्यंत ढवळतात आणि उरलेले आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करून मोजतात. चुन्याने खाल्लेले प्रत्येक मिलिलिटर आम्ल 50 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट दाखवते, म्हणजे 5 ग्रॅम मातीत बरोबर 1 टक्का. हिशेब इतका सरळ, म्हणूनच ही पद्धत साध्या प्रयोगशाळेतही चालते.

चुना जास्त असला की सामू (pH) चढा राहतो, लोह मुळांना मिळत नाही, आणि कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. उसातल्या या रोगाला शेतकरी केवडा म्हणतात. मग आम्ल ओतून चुनाच का विरघळवू नये? हेक्टरी वरच्या थरात सुमारे 2,240 टन माती धरली आणि तीत 10 टक्के चुना असला, तर तो संपवायला शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल 160 टनांहून अधिक लागेल. ते जमिनीलाही परवडणार नाही. त्यापेक्षा फेरस सल्फेट शेणखतात मुरवून देणे किंवा पानांवर फवारणे हाच शहाणा मार्ग.

ठिबक सिंचनात मात्र आम्लाचा उपयोग होतो, कारण तिथे विरघळवायचा थर पातळ असतो. विहिरीच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट ड्रिपरच्या तोंडाशी कार्बोनेट होऊन बसते आणि छिद्र बुजते. आम्लप्रक्रियेत पाण्याचा सामू 4 च्या आसपास येईल इतके आम्ल नळ्यांत सोडतात, ते तसेच राहू देतात आणि नंतर नळ्यांची टोके उघडून धुऊन काढतात. आम्ल नेहमी पाण्यात घालायचे; आम्लात पाणी ओतले तर ते उकळून अंगावर उडते.

घरात हीच अभिक्रिया नुकसान करते. शहाबादी फरशी चुनखडकाची. न्हाणीघरातले डाग घालवायला तिच्यावर ॲसिड ओतले की डागाबरोबर फरशीही विरघळते, गुळगुळीतपणा जातो आणि खडबडीत पृष्ठभागावर पुढचा मळ अधिक घट्ट बसतो.

ब्लिचिंग पावडरचा धोका याहून मोठा आहे. तिच्यात हायपोक्लोरस या सौम्य आम्लाचा क्षार असतो; हायड्रोक्लोरिक आम्ल मिळताच हायपोक्लोरस आम्ल सुटते आणि क्लोराइडशी अभिक्रिया होऊन क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि बंद संडासात वाकून फरशी घासणाऱ्याच्या छातीत तो सर्वांत आधी जातो. म्हणून ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकाच वेळी, एकाच जागी कधीही वापरू नये.